आधी ‘नको’ सांगायचं

१२ जानेवारी, रविवार

दुपारी जेवून हात धुतले आणि उगाचच थोरली आठवली. आठ-नऊ वर्षांची, स्टुलावर उभी. रविवारचं जेवण झालेलं, ताटं अजून उचललेली नाहीत, धाकटा टेबलाखाली चमच्याशी खेळतोय. हे खुर्चीत मागे रेलून म्हणतात, “हं, वकीलसाहेब, मांडा तुमचा खटला.”

तिला सायकल हवी होती. आमच्या घरी रविवारी बैठक असायची. कोणाला काय हवं ते तिथे मांडायचं, पण नियम ह्यांचा होता. ज्याला हवं त्याने स्वतःच आधी ‘नको’ची सगळी कारणं सांगायची आणि मग गप्प बसायचं. बाजूने एक शब्दही त्याने बोलायचा नाही. बोलायचं ते दुसऱ्यांनी, वाटलं तर.

थोरली बोटांवर मोजत म्हणाली, “एक, मी पडेन. दोन, धाकट्याला पण हवीशी वाटेल. तीन, जिन्याखाली जागा नाही. चार, मी उंच होईन मग ती लहान पडेल.” आणि खाली बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, “शाळेच्या बुटांचे तळ तरी वाचतील.” हे म्हणाले, “आता सकाळचा पाव सायकलवरून कोण आणतं बघू.” झालं, सायकल आली.

हे जाऊन दोन वर्षं व्हायला आली. थोरली तिच्या संसारात, दूर. धाकटा तर समुद्रापलीकडे. टेबलावर आता मी एका टोकाला बसते, बाकी टेबलावर वर्तमानपत्रं.

ही वही सुरू केली ती कामासाठी. ग्रंथपालबाई म्हणाल्या, लायब्ररीच्या वरच्या खोलीत शनिवारी तरुण आईबापांसाठी एक वर्ग घ्या, घर कसं चालवायचं, पैसा कसा पुरवायचा यावर. “तुमच्याकडे बघून वाटतं हो, तुम्हाला जमलंय.” काय बोलायचं ते इथे लिहीन म्हणते.

दुसरी गोष्ट, दाताचे डॉक्टर परत घर बघून गेले. त्यांना दवाखान्यासाठी हवं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

पहिला वर्ग. मोजकीच माणसं. गणिताचे एक मास्तर, जुळ्यांचे वडील. एक वायरमन आणि त्याची बायको, बाळाला घेऊन. ती घरी शिवणकाम करते. दोन मुली मागे बसून मोबाइल बघत होत्या, त्या बहुधा चुकून आल्या.

मला शाळेतल्या गृहविज्ञानाच्या सिस्टर आठवत होत्या. पांढऱ्या झग्याला कधी डाग नाही. त्या फळ्यावर काही लिहायच्या नाहीत, फाटका मोजा हातात देऊन म्हणायच्या, आधी भोक नीट बघा. तसंच मी केलं. म्हटलं, पगाराच्या दिवशी काय होतं ते सांगा.

वायरमन म्हणाला, “पगाराच्या दिवशी मी राजा असतो, बाई. मग ही येते.”

“मी येते म्हणून महिनाअखेर तुला जेवायला मिळतं,” बायको म्हणाली.

सगळे हसले आणि वर्ग सुरू झाला. मी सांगितलं: बाजूला टाकायचं ते पहिल्या दिवशी टाका, उरलेलं टाकू म्हणाल तर काही उरत नाही. विजेचं बिल मुलांच्या हातात द्या, त्यांनाच वाचू द्या, मग पंखे आपोआप बंद होतात. आणि दोघांपैकी एकाला काही झालं तर दुसऱ्याला सगळे कागद कुठे आहेत ते माहीत हवं. हे गेले तेव्हा मला माहीत होतं. रडायला मोकळी होते मी. हे शेवटचं मात्र वर्गात बोलले नाही.

घरी आल्यावर दिवा मीच लावला. वर्ग चांगला झाला हे सांगायला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहिते: वर्ग चांगला झाला.

१९ जानेवारी, रविवार

थोरलीचा फोन. दर रविवारी येतो, बैठकीच्या वेळेला. मागे भांड्यांचा आवाज होता आणि कोणीतरी बाई ओरडत होती, “अगं, साबण संपलाय!”

“कोण गं?”

“मैत्रीण. ऑफिसातली.”

“जावई कसे आहेत?”

“बरे असतील.”

“असतील?”

“आहेत म्हणजे. बरे आहेत.”

कामात बुडालेले असतात बिचारे. मग ठकीने फोन ओढून घेतला. माझी नात सात वर्षांची आहे आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही. “आजी, आम्ही मावशीच्या हॉलमध्ये झोपतो! गादी रोज गुंडाळायची!” थोरलीने घाईघाईने फोन परत घेतला. म्हणाली, घरात रंगकाम चाललंय, म्हणून थोडे दिवस.

“कुठला रंग देताय?”

“अजून ठरलं नाही, आई.”

म्हटलं, निदान बैठकीच्या खोलीला फिकट दे, पिवळट. तिने हो हो केलं. फोन ठेवता ठेवता विचारते, आपल्या मागची शाळा अजून आहे का, वर्षाच्या मध्ये कोणाला घेतात का. म्हटलं, आहे की, घंटा रोज ऐकू येते. “सहज विचारलं,” म्हणाली. वय झालं की सगळ्यांनाच जुनी शाळा आठवते. तीही आता चाळिशीला आलीच की.

१ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात आज म्हातारपणाचा विषय. मुलांच्या शिक्षणासाठी आपली म्हातारपणाची ठेव मोडू नका, असं म्हटल्यावर मास्तरांना पटलं नाही. “मुलांसाठी नाही तर कोणासाठी, बाई?” मी म्हटलं, शिक्षणाला कर्ज मिळतं, म्हातारपणाला कोणी देत नाही. आणि जिवंत आहात तोवर घर स्वतःच्या नावावर ठेवा. मुलं चांगली असली तरी. मुलं चांगली असतात म्हणूनच त्यांना त्या पेचात टाकू नये.

मास्तरांनी विचारलं, “घरात टंचाई असेल तर मुलांना सांगायचं? घाबरतील ना.”

“दाराआड कुजबुज ऐकून जास्त घाबरतात.”

मग मी त्यांना आमच्या रविवारच्या बैठकीचा नियम सांगितला. हवं त्यानेच आधी ‘नको’ मांडायचं. वायरमनला फार आवडला. “म्हणजे टीव्ही मागायचा तर टीव्हीला शिव्या घालायच्या?” म्हटलं, अगदी बरोबर. उद्या घरी करून बघा, म्हणून सांगितलं.

मीही आजकाल माझ्यापुरती बैठक घेते. मला काय हवं ते मनात आणते आणि ‘नको’ची कारणं सांगते. थोरलीने इथे येऊन राहावं असं मला फार वाटतं. नको, कारण तिची नोकरी तिकडे. नको, कारण जावई. नको, कारण आईबापांनी मुलांच्या पायात अडकू नये, हे मीच वर्गात सांगते. आणि मग बाजूने बोलायला घरात दुसरं कोणी नसतं. त्यामुळे सगळे निकाल ‘नको’चेच लागतात.

२ फेब्रुवारी, रविवार

थोरलीला घर विकण्याबद्दल सांगितलं. धाकट्याने एक जागा शोधली आहे. तो ‘ज्येष्ठांचं निवासगृह’ म्हणतो, आमच्या वेळी वृद्धाश्रम म्हणायचे. तीन वेळचं जेवण, पलंगाशी घंटा. दाताच्या डॉक्टरांचा भाव बरा आहे. फक्त हो म्हणायचं बाकी.

ती एकदम लहानपणीच्या आवाजात म्हणाली, “मी एक सांगू? घर ठेवून काय उपयोग, आई. मोठं आहे, तुला झेपत नाही. मागच्या खोलीत ओल आहे. आम्ही तिथे आलो समजा, तर ठकीची शाळा अर्ध्यावर सुटणार. मला नवीन नोकरी शोधावी लागेल, आणि या वयात कोण देतं. शेजारपाजारचे विचारत बसतील. शिवाय ठकी किती बडबडते, तुझी शांतता जाईल.”

आणि थांबली. इतका वेळ की मला वाटलं फोन कट झाला.

“हॅलो?”

“आहे, आई.”

मी म्हटलं, “बरोबर आहे गं तुझं.”

“बरं,” म्हणाली. “बरं, आई.” आणि ठेवला.

मी तिला या म्हटलंच नव्हतं. एवढी वर्षं तोंडातून काढलं नाही. तरी न विचारता सहा कारणं मोजून ऐकवली. मनात काय आहे ते माणूस असं सांगून टाकतो कधीकधी. हरकत नाही. स्पष्ट कळलं ते बरं झालं.

चहा केला होता, तो तसाच राहिला.

५ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरांकडून विसार घेतला. ते फार सभ्य आहेत. फीत घेऊन भिंती मोजत होते. ज्या कोपऱ्यात ह्यांची आरामखुर्ची, तिथे म्हणाले, “इथे पेशंटची खुर्ची छान बसेल.” म्हटलं, हो, उजेड चांगला येतो. ह्यांनाही दात दुखला की तिथेच बसायची सवय होती. डॉक्टर हसले नाहीत. बहुधा दात म्हटलं की त्यांना कामच दिसतं.

महिनाअखेर करारावर सही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज थोरलीचा फोन आला नाही. मीही केला नाही.

गुरुवारी निवासगृह बघून आले. स्वच्छ आहे. खोलीला एक खिडकी, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची खिडकी. तिथे एक गृहस्थ शर्टाची बटणं लावत होते, मला बघून त्यांनी पडदा ओढला. मॅनेजरबाई घंटा वाजवून दाखवत होत्या. “कधीही वाजवा, आजी, कोणीतरी येतंच.” मला उगीच वाटलं, काही होत नसतानाही वाजवली तर चालेल का. नुसतं कोणी यावं म्हणून. विचारलं नाही.

शिवणयंत्र वायरमनच्या बायकोला दिलं. ती नको नको म्हणत होती आणि एका हाताने त्याची धूळ पुसत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

वर्गात आज सगळ्यांनी आपापल्या बैठकीचं सांगायचं होतं. मास्तरांच्या जुळ्यांनी कुत्रा मागितला आणि ‘नको’ची कारणं इतकी चांगली सांगितली की स्वतःच विचार बदलला. सगळे हसले.

मग वायरमन उठला. म्हणाला, “मला काही वस्तू नकोय. मला आईला आमच्याकडे आणायचीय. पण आता मी नियमाने बोलतो. एक तर आमची खोली एकच. म्हातारी खोकते, बाळ उठेल. भाजीत मीठ घालते ते समुद्रातल्यासारखं. हिच्याशी तिचं पटत नाही, टीव्हीवर तिचाच हक्क. आणि माझ्या लहानपणीच्या गोष्टी येईल त्याला सांगत बसेल.” आणि तो बसला, हात पायांमध्ये धरून.

मी म्हटलं, “एवढी कारणं आहेत तर राहू दे मग. मन मोकळं केलंस ते बरं झालं.”

वायरमनच्या बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जसं एखाद्या विद्यार्थ्याकडे बघावं. “अहो बाई, त्याला ती हवीय म्हणून तर तो एवढा बोलतोय! तुमचाच नियम ना? मी त्याच दिवशी सांगितलं, खोकते तर खोकू दे, बाळाला सांभाळायला एक माणूस होईल. मीठ मी नंतर पाणी घालून बघीन. सोमवारी आणतोय आम्ही त्यांना.”

पुढे काय बोलले ते आठवत नाही. ग्रंथपालबाईंनी पाणी आणून दिलं. वर्ग लवकर सोडला.

सहा कारणं होती. बोलून झाल्यावर ती गप्प बसली होती. आमच्या घरात इतक्या रीतसर कोणी उगाच ‘नको’ म्हणत नसे. आणि रंगकाम. रंग ठरलेला नसताना कसलं रंगकाम?

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळीच फोन केला. तिने घाबरून उचलला. “आई? काय झालं? पडलीस का?”

“नाही. तू त्या दिवशी मांडलंस ना, आता बाजूने बोलायची माझी पाळी आहे. तू मध्ये बोलायचं नाहीस, नियम माहितीये तुला.”

पलीकडे ठकी कुठेतरी गाणं म्हणत होती.

मी म्हटलं, “मागच्या खोलीतली ओल काढता येते, माझ्या ओळखीत एक वायरमन आहे, त्याच्या ओळखीत गवंडी असणारच. मागची शाळा मुलांना मध्येच घेते, मी मुख्याध्यापकांना गाठते. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर माझं निवृत्तिवेतन तिघींना पुरेल, ते कसं पुरवायचं हे मी दर शनिवारी लोकांना शिकवते. शेजारचे विचारतील त्यांना विचारू दे, नाहीतरी मला आजकाल कोणी काही विचारत नाही, तेवढंच बोलणं होईल. आणि शांतता…” इथे मी ह्यांच्या आरामखुर्चीत टेकले. “शांतता पुरे झाली गं मला.”

मग थोरली रडली. ठकी फोनवर येऊन ओरडली, “आजी! तू आईला काय बोललीस? तिला का रडवलंस?”

थोरलीने नाक पुसत फोन घेतला. “दोन आठवडे लावलेस, आई. बाबांनी दोन मिनिटं लावली नसती.”

“बाबांनी तर तू स्टुलावर चढायच्या आधीच हो म्हटलं असतं. मी मठ्ठ आहे.”

“आहेसच.”

“जावयांचं काय?”

“आल्यावर सांगितलं तर चालेल?”

“चालेल. नाही सांगितलंस तरी चालेल.”

१९ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टर नाराज झाले. खुर्ची मागवून बसले होते. आवाज चढवला नाही, पण विसार परत घेऊन वर नुकसानभरपाई मागितली, आणि ती मला योग्यच वाटली. निवासगृहासाठी बाजूला ठेवलेली मुदत ठेव मोडली. वर्गात सांगते त्याच्या उलट वागले. शनिवारी हेही सांगायला हवं, की कधी मोडायची तेही कळलं पाहिजे.

धाकट्याचा फोन. “आई, भावनेच्या भरात असे निर्णय घेत नाहीत. मी एवढी धावपळ करून जागा शोधली.”

“शोधलीस रे, आणि चांगली शोधलीस. घंटासुद्धा आहे तिथे.”

“ताईने तुला गळ घातली का?”

“उलट तिने मला सहा कारणं दिली, का येऊ नये याची.”

तो म्हणाला, “सहा? म्हणजे तिला फारच हवंय.”

बघा. त्याला समुद्रापलीकडून एका वाक्यात कळलं. मग म्हणाला, “मला कोणी का सांगितलं नाही, तिचं बरं चाललं नव्हतं ते?” आम्ही तिघंही आपापल्या खोलीत बसून ‘नको’ची कारणं काढत राहिलो, असं दिसतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

गवंडी येऊन गेला. मागच्या खोलीला ओल्या सिमेंटचा वास आहे. दोन दिवस नीट झोप नाही, पण हे जागणं वेगळ्या तऱ्हेचं आहे. घरात चालताना मी आता आवाज करते. पूर्वी का करत नव्हते कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या उद्या सकाळी पोहोचतील. मी त्यांना आणायला स्टेशनवर जाणार. तोवर वायरमन दार उघडून टेम्पोतून येणारं त्यांचं सामान उतरवून घेईल. त्याला द्यायच्या सूचना आणि बाकीची वाटणीही इथेच लिहिते, सकाळी गडबडीत विसरेन.

मागची खोली थोरलीला. ती म्हणेल, मी हॉलमध्येही झोपेन. ऐकायचं नाही, तिच्या पेट्या सरळ आत ठेवायच्या.

ठकीला खिडकीकडचा पलंग. तिची गादी कोणी गुंडाळायची नाही, दिवसभर पसरलेली असली तरी.

ह्यांच्या कपाटातले वरचे कप्पे थोरलीला, खालचा ठकीला. ह्यांचे दोन स्वेटर वायरमनला, खांद्यात बसतील. तिसरा त्याच्या आईला, रात्री खोकताना पाठीवर घ्यायला.

निवासगृहातली माझी खोली यादीतल्या पुढच्या बाईंना. त्यांना सांगा, घंटा चालते.

घर माझ्यामागे थोरलीला आणि धाकट्याला निम्मं-निम्मं. ठकीची शाळा संपेपर्यंत धाकट्याने आपला वाटा मागायचा नाही. त्याला फोनवर सांगितलं, तो हो म्हणाला. वकिलाकडूनही लिहून घेतलं, कारण मुलगा चांगला आहे.

किल्ल्या तीन केल्या. एक थोरलीला. एक ठकीला, हरवली तरी ओरडायचं नाही. एक माझ्याकडे.

सकाळचा पहिला चहा मला. दोघींपैकी कोणीतरी करून, उठवून, हातात द्यायचा. मला हवा आहे.